दिव्याभोवतीचं कडं

६ जानेवारी

गुंजनचा हट्ट, म्हणून ही वही. तिचं म्हणणं, गेम लोकांपुढे नेताना माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, तेव्हा रोजचं लिहून ठेव, म्हणजे पुढे आपणच आपल्याला हसू. ती पुण्यात बसून कोड लिहिते आणि मला असले सल्ले देते. मी अड्याळच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. मागच्या पुठ्ठ्यावर पाढे आहेत. तेराचा मला अजून येत नाही.

तर आजची परिस्थिती. पुण्यात ज्या कंपनीत मी व्हिडिओ गेममधला उजेड करायचे, तिने जूनमध्ये आमचा अख्खा मजला रिकामा केला. मी घरी आले. तेव्हापासून गुंजन आणि मी 'माजघर' नावाचा गेम करतोय. एक अंधारं घर, खेळणाऱ्याच्या हातात एकच दिवा, आणि घरभर पितळेची भांडी. परात अशी धरायची की दिव्याचा उजेड तिच्यावर आपटून पलीकडच्या खोलीत जाईल, तिथलं दार दिसेल, आणि पुढे सरकता येईल. उजेड आपटून कुठे कुठे जातो हे खऱ्यासारखं गणिताने काढायचं, याला रे ट्रेसिंग म्हणतात. त्यापायी माझा कम्प्युटर या थंडीत शेगडीचं काम करतो. मांजर त्याच्यामागेच झोपतं.

९ फेब्रुवारीला गेमचा नमुना एका ऑनलाइन जत्रेत लागणार. आठवडाभर लोक फुकट खेळून पाहतील, आवडला तर आपल्या यादीत ठेवतील. पाच हजार लोकांनी ठेवला, तर आम्ही दोघी पुढचं वर्ष यालाच देणार. नाहीतर जुन्या कंपनीचं दोघींना बोलावणं आलंच आहे, १ मार्चच्या आत हो कळवायचं. म्हणजे धड आठ आठवडेही हातात नाहीत.

११ जानेवारी, रविवार

बाबांना गेम दाखवला. बाबा म्हणजे ताराचंद मेश्राम. एकतीस वर्षं रोज एसटीने भंडाऱ्याला जाऊन पितळेच्या भांड्यांना पॉलिश केलं. दोन वर्षांपूर्वी घरी बसले. मला वाटलं, पडद्यावर एवढं पितळ पाहून माणूस हरखून जाईल. त्यांनी खुर्ची इतकी पुढे ओढली की नाक स्क्रीनला टेकायचं बाकी होतं. मग म्हणाले,

"कोनं घासलं हे?"

"कोनी नाही बाबा, कम्प्युटरनं केलं."

"तेच म्हनून राहिलो. कोनाचा हातच लागला नाही याले."

आणि उठले, आईला हाक मारली, तिचा हात धरून अंगणात गेले. झाली माझी परीक्षा.

बाकी या दोघांचं उतारवयात प्रेम उतू चाललंय. दोन पायऱ्या उतरायच्या तरी हातात हात. माझ्या लहानपणी हेच बाबा आईच्या दहा पावलं पुढे चालायचे. आता आई शाळेत पोषण आहार शिजवायला जाण्याआधी त्यांना अख्खा पेपर वाचून दाखवते, निधनवार्तांसकट. मी लग्नाचं नाव काढलं की पळते, पण पेपर वाचून दाखवणारं कोणी असेल तर विचार करीन.

१३ जानेवारी

आम्ही चाळीसेक लोकांना नमुना आधीच खेळायला दिला आहे. त्यातला एक स्वतःला 'मंद मांजर' म्हणवतो. कुठल्या तरी बर्फाच्या गावचा आहे. त्याने इंग्रजीत लिहिलंय ते मराठीत असं: "हे पितळ नाही, सोनेरी रंग दिलेलं प्लास्टिक आहे. जिथे पाहावं तिथे आरसा. करणाऱ्याने आयुष्यात पितळ हातात धरलेलं नाही."

मी! पितळेच्या ताटात जेवून वाढलेली मी! रागाने उत्तर लिहायला घेतलं, चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. बाबा परवा वेगळं काय म्हणाले होते?

संध्याकाळी त्यांच्याजवळ पाणी भरायचा आमचा पितळी गुंड घेऊन बसले. गोल पोटाचा, अरुंद मानेचा, आजीच्या वेळचा. त्यांनी तो मांडीवर घेतला.

"डोळे मीट. हात फिरव याच्यावर. खरखर लागते का नाही? गोल गोल?"

"लागते."

"चिंच अन् राख घेऊन मानूस गोलच घासते. मंग चमकबी गोलच येते. अन् मानेखाली बोट जात नाही, तिथं काळं राहते. भांडं घासलं म्हंजे घासनाऱ्याचा हात त्याच्यात राहून जाते."

बोलताना ते भांड्याकडे पाहतही नव्हते, नजर कुठे तरी कौलांकडे, आणि बोटं पितळेवर. कलावंत माणूस! मी चार वर्षं महागडं सॉफ्टवेअर शिकले आणि हे मला कोणी सांगितलं नाही. सांगणारा घरात होता, मीच विचारलं नव्हतं.

२० जानेवारी

चार दिवसांत गुंडाचे दोनशे बारा फोटो काढले, सगळ्या बाजूंनी, सकाळच्या उन्हात. त्यावरून गेममधला गुंड नवा केला. बाबा निवृत्त झाल्यापासून दर रविवारी घरातलं सगळं पितळ स्वतः घासतात, आईला हात लावू देत नाहीत. त्यांच्या हाताचे फेर पोटावर स्पष्ट दिसतात. मानेखाली काळं कडं आहे. आणि एका बाजूला, मानेच्या जरा खाली, कैरीच्या आकाराचा काळा डाग, तळहाताएवढा. असा डाग कल्पनेने सुचला नसता. मी जसाच्या तसा घेतला.

दिवा त्याच्याजवळ नेला आणि मला हसूच फुटलं, आनंदाने. उजेड गोल गोल फिरून डागापाशी बुडतो आणि पलीकडून पुन्हा निघतो. आईला बोलावून दाखवलं. ती त्या डागाकडे पाहत राहिली. काही तरी बोलणार होती, मग "भाजी करपून राहिली," म्हणत आत गेली. गॅसवर भाजी नव्हतीच. आई आता विसरायला लागली आहे, लक्ष ठेवायला हवं.

२५ जानेवारी

बाबा नव्या गुंडावर खूश. पण तक्रारीशिवाय ते कुठले.

"दिव्याभोवती हे कडं कायले काढलं?"

दिव्याभोवती आम्ही किंचित आभा ठेवतो. डोळ्याला दिवा तापलेला वाटावा म्हणून, सगळेच ठेवतात. पण पितळेचं त्यांचं खरं निघालं होतं, म्हणून आभा निम्मी केली.

"हाय अजून. चांगलं मोठं हाय. इंद्रधनुष्यासारखं."

पुन्हा निम्मी केली. मलाच आता दिसेना. ते म्हणाले, "हाय."

काय नजर आहे माणसाची!

२९ जानेवारी

जेवताना बाबांनी विचारलं, "तुहा तो किरण दिव्यातून निघते का डोळ्यातून?"

मी भाकर खाली ठेवली. हा प्रश्न इंजिनिअरिंगची पोरं विचारत नाहीत.

"खरा किरण दिव्यातूनच निघते बाबा. पन कम्प्युटरमधी उलटं. दिव्यातून निघालेले किरण कुठंबी जातात, साऱ्यायच्या मागं कोन धावन? म्हनून आमी डोळ्यातून सोडतो. तो भांड्यावर आपटते, भिंतीवर आपटते, असा धुंडत धुंडत दिव्यापाशी पोचला, तं तिथं उजेड."

"म्हंजे डोळाच दिव्याले धुंडते."

"हो."

"अन् डोळाच खराब असन तं?"

"मंग सारं चित्रच खराब. पन आमचा डोळा गनिताचा असते, तो काही खराब होत नाही."

"मस्त हाय बाप्पा तुमचं," म्हणाले आणि वरणाची वाटी चाचपून पुढे ओढली. आई ताटाकडे पाहत होती. माझ्या कामात बाबांचं असं मन लागलेलं पाहून पोट भरलं. सहा महिने मला वाटत होतं, नोकरी गेलेली मुलगी घरात बसलेली यांना आवडत नसावी. तसं काही नाही.

३ फेब्रुवारी

आभा शून्यावर आणली. बाबांना कडं दिसतंच आहे.

गुंजन चिडली. तुमसरची आहे, चिडली की पुण्याची भाषा गळून पडते. "अवो, शून्य म्हंजे शून्य! आता कुठून कडं येऊन राहिलं?"

मी म्हटलं, बाबांना दिसतं म्हणजे कुठे तरी दोष असणार. किरण कमी सोडले की चित्र रवाळ येतं, ते गुळगुळीत करणारं जे यंत्र आहे त्याचा असेल. दोन दिवस ते उसवून पाहिलं. बाबांना विचारलं तर म्हणतात, "कडं तं हायच, अन् मंधात धुईसारखं बी दिसते." धुई म्हणजे धुकं. मी पुन्हा उसवलं. जत्रा सहा दिवसांवर, आणि मी धुकं शोधतेय.

आज शेजारचे भोजराज काका दारात येऊन नुसते हसत उभे राहिले. बाबा समोर बसलेले, पण ओळख दाखवेनात. काकांनी "जयभीम, ताराचंद भाऊ" म्हटल्यावर एकदम, "अरे भोजराज! ये ना!" काकांचा चेहरा पडला होता तो उजळला. बाबांच्या डोक्यात हल्ली गेमशिवाय काही नाही. सकाळी चहासुद्धा कपाबाहेर ओतला.

९ फेब्रुवारी

लागला. सकाळपासून वीस वेळा आकडा पाहिला. आई म्हणाली, अशी कधी उतू जाणाऱ्या दुधाकडेही पाहत जा.

लोकांचं म्हणणं, जमेल तसं उतरवते:

"लॅपटॉप इतका तापला की त्यावर अंडं तळलं. गेम छान आहे, अंडंही."

"रे ट्रेसिंग चालू करून पाहिलं, बंद करून पाहिलं. मला फरक दिसला नाही. बायकोला दिसला. आता ती खेळते आहे, मी स्वयंपाक करतो आहे."

"बाकीचे गेम रे ट्रेसिंग म्हणून नुसती डबकी दाखवतात. इथे पहिल्यांदा उजेड काही कामाला आला."

"ताई, मी आंधळगावचा सचिन. माह्या कम्प्युटरवर नुसता काळोख हाय. पन काळोख चांगला वाटला." याला मी उत्तर दिलं, गुंजन जुन्या कम्प्युटरांसाठी हलकी आवृत्ती करतेय. आपल्या जिल्ह्यातला खेळणारा! दिवसभर त्याच खुशीत.

रात्रीपर्यंत सहाशे चाळीस जणांच्या यादीत.

११ फेब्रुवारी

गुंड गाजतोय. लोक त्याच्यासमोर दिवा फिरवतानाचे व्हिडिओ टाकत आहेत. कोणी म्हणतं, "गेममधलं आजवरचं सर्वांत सुंदर मळकं भांडं." एक बाई चाळीस मिनिटं त्या एका भांड्यापाशी बसून होती, तिला तिच्या गावच्या घरची आठवण आली. तिचं गाव कुठल्या देशात, तेही मला माहीत नाही. मंद मांजराने लिहिलंय, "माझे शब्द मागे. यात कोणाचा तरी हात आहे."

बाबांना वाचून दाखवलं. ते नुसते गुंडावर बोटं फिरवत राहिले.

पण दिव्यावर सगळे तुटून पडले आहेत. दिवा कागदी टिकलीसारखा दिसतो म्हणे. "एवढा सुंदर उजेड आणि दिवाच मेलेला." आकड्याचा वेग मंदावला, आज फक्त तीनशे वाढले. गुंजन म्हणते, आभा परत आण. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "कडं कमी नाहीच झालं व माय. वाढलंच."

कोणाचं ऐकू? पितळेच्या वेळी एकटे बाबाच खरे ठरले होते.

१२ फेब्रुवारी

खेळणाऱ्यांसाठी रोजची सूचना लिहिताना शेवटी खरं तेच सांगितलं: "दिव्याची आभा आम्ही आमच्या मुख्य परीक्षकाच्या सांगण्यावरून काढली. ते माझे वडील. पासष्ट वर्षांचे आहेत, आयुष्यभर पितळ घासलं, गुंडावरचा हात त्यांचाच. आभा शून्य असूनही त्यांना दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखं कडं दिसतं आणि मधे धुकं दिसतं. आम्हाला दोष सापडत नाही. कोणाला सापडला तर सांगा, उपकार होतील."

लोकांना बाबा फार आवडले. "मुख्य परीक्षकांना सलाम" म्हणून शंभरेक जणांनी लिहिलं. दोष मात्र कोणाला सापडला नाही.

१३ फेब्रुवारी

सकाळी मंद मांजराचं पत्र. सगळ्यांसमोर नाही, फक्त मला.

"मी चष्म्याच्या काचा घासतो. तीस वर्षं झाली. गेममध्ये दोष नाही. तुमच्या वडिलांना घरातल्या खऱ्या दिव्याकडे पाहायला सांगा आणि त्याच्याभोवती कडं आहे का ते विचारा. माझ्या आईला होतं. ऑपरेशन झालं, गेलं. उशीर करू नका."

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना वाटीकडे चाचपत जाणारा हात दिसला. कपाबाहेरचा चहा. भोजराज काका. पायऱ्या. पेपर.

बाबा खाटेवर बसले होते. मी पडवीतला बल्ब लावला.

"बाबा, याच्याभोवती कडं हाय?"

आई दारात येऊन उभी राहिली.

"हाय ना," ते म्हणाले. "साऱ्याच दिव्यायले हाय."

"कवापासून?"

"दिवाळीपासून जास्त," आई म्हणाली. "दोन वर्स झाले तसं तं. मले म्हने, हर्षाले सांगू नको. पोरीचा खेळ निघू दे, मंग जाऊ. आता सांगतलं तं ते सारं टाकून मले धरून दवाखान्यात बसन, अन् तिचं तसंच राहून जाईन."

मी रडले. खूप रडले. दहावीला नापास होता होता राहिले होते तेव्हाही इतकी रडले नव्हते. बाबा माझ्या पाठीवर हात फिरवत होते, गोल गोल. आणि काय म्हणावं त्यांनी? "मंग कडं तुह्या गेममधी नव्हतंच का? मी उगाच तुले हैरान केलं."

दिव्याखाली अंधार म्हणतात. मी उजेडावर पोट भरणारी मुलगी. तो कुठे आपटतो, कुठे बुडतो, सगळं गणिताने सांगते, आणि समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यात तो शिरत नाही हे मला बर्फातल्या एका अनोळखी चष्मेवाल्याने कळवलं.

त्याला उत्तर पाठवलं. 'धन्यवाद' हा शब्द इतका लहान का आहे, कळत नाही. तोच सात वेळा लिहिला.

१४ फेब्रुवारी

भंडाऱ्याला दवाखान्यात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टर बाई म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही, उजवा आधी करू, २७ ला या. परतीच्या एसटीत बाबा आमच्या दोघींच्या मधे बसले. एकतीस वर्षांच्या रस्त्यावरचं प्रत्येक गाव त्यांना न पाहता सांगता येत होतं. मी आणि आई दोन्ही बाजूंनी त्यांचे हात धरून. हात धरण्यात मी आता सामील झाले.

१६ फेब्रुवारी

जत्रा काल संपली. चार हजार सहाशे बारा. तीनशे अठ्ठ्याऐंशी कमी पडले.

शुक्रवारीच दिव्याची आभा परत ठेवली होती, पण दोन दिवसांत काय होणार. माझ्यामुळे गेलं, असं गुंजनला म्हटलं. ती म्हणाली, "तुह्यामुळं गुंड आला. तो नसता तं हजारबी नसते झाले." ठरलं होतं ते ठरलं होतं. कंपनीला हो कळवावं लागणार. आजच कळवायला नको, एवढंच.

सूचनेत लोकांना खरं कारण सांगितलं. बाबांना विचारून. ते म्हणाले, "सांग, त्यायलेबी तं मी हैरान केलं."

२० फेब्रुवारी

अकरा भाषांत लोकांनी बाबांना लवकर बरं व्हा म्हणून लिहिलंय. मी ते यंत्राने मराठी करून त्यांना वाचून दाखवते, आई पेपर वाचते तसं. एकाने लिहिलंय, "मुख्य परीक्षक परत येईपर्यंत आम्ही कोणताही दिवा अंतिम मानणार नाही." बाबा हसले आणि म्हणाले, "हे सारे रिकामे हायेत का?" मग थोड्या वेळाने, "त्या बाईचं पुन्हा वाच. चाळीस मिनिटवाली."

२८ फेब्रुवारी

काल ऑपरेशन झालं. आज पट्टी काढली. डॉक्टर बाईंनी विचारलं, "काय दिसतं काका?"

बाबांनी छताकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. "कडं गेलं," म्हणाले. मग आईकडे वळले आणि इतका वेळ पाहत राहिले की आई लाजून पदर सारखा करू लागली. "केस लय पांढरे झाले व तुहे."

"दोन वर्स झाले," आई म्हणाली.

महिनाभर वाकायचं नाही, धूळ नाही, धूर नाही, राखेजवळ तर मुळीच जायचं नाही. बाबांनी मान हलवली, पण राखेचं नाव निघताच चेहरा उतरला.

२ मार्च

गुंजनचा फोन. "कळवलं का कंपनीले?"

"काय?"

"अवो, काल एक तारीख होती!"

कॅलेंडरकडे पाहिलं. खरंच होती. काल दिवसभर मी बाबांच्या डोळ्यात दर दोन तासांनी थेंब घालत होते आणि ते मला घरातली एकेक वस्तू पाहून सांगत होते, जणू मी ती कधी पाहिली नव्हती. भिंत निळी आहे. मांजराला मिशा आहेत. मी विसरले.

"तू कळवलं?"

"मी तुह्या फोनची वाट पाहून राहिली होती," गुंजन म्हणाली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. मग तिने सांगितलं, बाबांची गोष्ट लोक एकमेकांना सांगत आहेत, आकडा जत्रेनंतरही चढतोच आहे. पाच हजार तीनशे चाळीस. मुदत संपल्यावरचे धरायचे का? तिचं म्हणणं, मुदत आपणच घातली होती, आपणच सैल करू.

संध्याकाळी बाबांना गेम दाखवला. या वेळी खुर्ची ओढली नाही. खाटेवरूनच पाहिलं.

"आता मातर कडं हाय ना?"

"हाय बाबा. मीच ठेवलं. लोकायले आवडते."

"असू दे मंग. मले पुरं झालं होतं."

मग पडद्यावर गुंड आला. बाबा पाहत राहिले. डागापाशी उजेड बुडाला, पलीकडून निघाला. त्यांनी मान वळवून चौरंगावरच्या खऱ्या गुंडाकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे. पुन्हा खऱ्याकडे.

"हे मी घासलं?"

आई गुंडाजवळ येऊन उभी राहिली.

"तुले दिसत होतं?" त्यांनी आईला विचारलं.

"दर रविवारी."

"मंग घासला काहून नाही तू? सांगतलं काहून नाही?"

"मी घासला असता, तं बोट फिरवून तुमाले समजलं असतं. तुमी पोरीले नाही सांगतलं, मी तुमाले नाही सांगतलं. झाली फिटंफाट."

बाबांनी बराच वेळ दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. त्या हातांनी एकतीस वर्षं चुकून एक डाग सोडला नव्हता. मला वाटलं, त्यांना लाज वाटतेय, आणि मी तो डाग जगभर दाखवला. म्हटलं, "बाबा, गेममधला बदलून टाकतो. एका दिवसाचं काम हाय."

"थांब," ते म्हणाले. "महिना होऊ दे. मंग पाहू. अन् तवापर्यंत कोनी हात लावायचा नाही त्याले."

२९ मार्च, रविवार

महिना झाला. डॉक्टर बाईंनी परवानगी दिली. सकाळी सातलाच बाबांनी चिंच भिजवली, राख चाळली आणि अंगणात गुंड घेऊन बसले. डाव्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात आहे, पण उजवा पुरेसा आहे म्हणाले.

मी शेजारी बसले. त्यांनी डागावर राख टाकली आणि थांबले.

"गेममधला राहू दे," म्हणाले. "तुमी दोघीनं मले आंधळा म्हनून घरात बसवलं नाही, आंधळ्याच्या हातचं चालवून घेतलं. तुह्या आईनं समजून, तू न समजून. लोकायले त्याच्यात जे सापडलं ते सापडलं. तो तसाच ठेव. घरचा मी घासतो."

कैरीचा डाग पाच मिनिटांत गेला. खाली पितळ एवढं उजळ निघालं की आई दारातून म्हणाली, "डोळे दिपले." मानेखालचं कडं मात्र जाईना. मी नारळाच्या शेंड्या मागितल्या आणि घासू लागले. माझी बोटं तिथपर्यंत पोचेनात. "बाबा, इथं कसं घासायचं?" मी विचारलं.

"तसं नाही," बाबा म्हणाले. त्यांनी शेंडी माझ्या दोन बोटांना गुंडाळली, माझा हात धरला आणि मानेखाली घालून फिरवून दाखवला. एकदा, दोनदा. मग सोडला. "हं. आता तू."

सत्तावीस वर्षांची झाले मी. हे मी त्यांना पहिल्यांदाच विचारलं होतं.